आरआर तिसऱ्यांदा जळलं? नवं आणण्याआधी पिवळ्या वायरी तपासा

सेल्फ दाबला की टक-टक-टक, मीटरचे दिवे मंद, हॉर्न घसा बसल्यासारखा. धक्का मारून गाडी चालू होते, दिवसभर चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बॅटरी बदलली की दोन-चार महिने बरे जातात, मग नवी बॅटरीही झोपते. हे चक्र ज्यांच्या मागे लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या जुन्या चारशे सीसी ट्विनवर, म्हणजे दोन सिलिंडरच्या मोटरसायकलवर, मी एक बॅटरी आणि तीन आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटं घालवली, आणि मूळ दोष निघाला तो भलतीकडेच. तेवढ्या पैशांत सुरुवातीलाच एक मल्टिमीटर घेऊन उरलेल्यात अख्खी कॉइल गुंडाळून झाली असती.

चार्जिंगची साखळी तशी छोटी. क्रँकच्या टोकाला मॅग्नेट फिरतो. त्याच्या आत स्टेटरची प्लेट, म्हणजे आपण जिला मॅग्नेटची कॉइल म्हणतो ती. बहुतेक मध्यम-मोठ्या गाड्यांत तिच्यातून एकाच रंगाच्या तीन वायरी निघतात, बऱ्याचदा पिवळ्या. त्यांतून एसी करंट येतो आणि आरआरमध्ये, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जातो. रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि रेग्युलेटर तो साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. तिथून लाल वायर, मेन फ्यूज, बॅटरी. यातलं काहीही बिघडलं तरी वरून दिसणारं लक्षण एकच, बॅटरी डाऊन. म्हणून अंदाजाने पार्ट बदलत गेलं की खिसा रिकामा होतो आणि रोग तिथेच राहतो.

मीटर साधाच चालेल, फक्त त्याच्या आतला सेल ताजा हवा. सेल उतरला की बऱ्याच डिजिटल मीटरचे आकडे चढे येतात. मी एकदा त्याच नादात १५.८ व्होल्ट बघून चांगलं आरआर काढून ठेवलं होतं. ते तीन जळलेल्यांमध्ये धरलेलं नाही, ते नुसतं माझ्या मूर्खपणाचं.

आधी बॅटरी, तीही नीट

बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण चार्ज करा, मग तीन-चार तास तशीच ठेवा. चार्जरवरून काढल्या काढल्या घेतलेला आकडा फुगलेला असतो. निवांत पडलेल्या १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीला १२.६ ते १२.८ दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. रात्रभर ठेवून आपोआप १२.४ च्या खाली घसरत असेल, तर तिच्यावर पुढची कुठलीही तपासणी करण्यात अर्थ नाही. मग मीटर बॅटरीच्या टोकांना लावून सेल्फ मारा. इंजिन फिरताना आकडा साडेनऊच्या वर टिकायला हवा. आठ-सातपर्यंत आपटला तर बॅटरी संपलीय, नाहीतर टर्मिनलचे स्क्रू ढिले आहेत. स्क्रू आधी बघा. फुकटचं आहे.

आता गाडी चालू करा, हेडलाइट लावा आणि पुन्हा बॅटरीच्या टोकांनाच मीटर. आयडलला तेराच्या आसपास, आणि ४,००० ते ५,००० आरपीएमला १३.८ ते १४.५ मिळाले तर चार्जिंग ठीक आहे, तुमचा चोर दुसरीकडे आहे. रेस दिली तरी आकडा १२.६ वरून हळूहळू खाली उतरत असेल तर चार्जिंग होतच नाहीये. १५ च्या वर जात असेल तर ओव्हरचार्जिंग: बॅटरी गरम लागेल, पाणी उडेल, बल्ब पटापट जातील.

एक गोष्ट मात्र करू नका. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि "बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग चांगलं" असं ठरवायचं, ही जुनी सवय अजून बऱ्याच हातांत आहे. बॅटरी निघाली की व्होल्टेजला लगाम राहत नाही. एका झटक्यात आरआर जाऊ शकतं आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूही, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

चार्जिंग ठीक असून बॅटरी रात्रीत उतरत असेल तर चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर अँपिअरवर लावून त्या दोघांच्या मध्ये जोडा. साध्या गाडीला एक-दोन मिलीअँपिअर दिसतील, घड्याळ किंवा अलार्म असेल तर थोडे जास्त. पन्नास-शंभर दिसले तर काहीतरी पितंय. तेव्हा आरआरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारं प्लॅस्टिकचं सॉकेट, काढून बघा. आकडा शून्यावर आला तर आरआरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतोय. नाहीतर फ्यूज एकेक करून काढत जा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडतो.

माझी पहिली चूक: तपकिरी कपलर

पहिलं आरआर गेलं तेव्हा गाडी जुनी होती, वय झालं म्हणून गेलं असं मी धरलं. मेकॅनिक म्हणाला, "दादा, आरआर गेलंय, बदलून टाकू." बदललं. त्या घाईत कोणी कपलरकडे बघितलंच नाही. अकराव्या महिन्यात दुसरं गेलं, तेव्हा सीट काढून मी स्वतः खाली बसलो. तीन पिवळ्या वायरींचा पांढरा कपलर मधल्या पिनेभोवती तपकिरी झाला होता, भाजलेल्या कांद्यासारखा. ओढला तर सुटेना. प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं. शेवटी पकडीने फोडला. आतली पिन काळी, तिच्यावर हिरवट पूड आणि तिच्यामागची वायर दोन इंच आतपर्यंत कडक झालेली.

याचं गणित साधं आहे. पिन सैल किंवा गंजलेली असली की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने पिनेची स्प्रिंग आणखी सैल होते. वर्षभर हे आतल्या आत चालू असतं. तीनपैकी एक फेज, म्हणजे एका पिवळ्या वायरीची लाइन, असा अर्धवट तुटला की उरलेल्या दोन फेजवर आणि आरआरच्या त्यांच्या बाजूवर भार जातो. नवं आरआर त्याच जळक्या कपलरमध्ये खोचणं म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ लावणं.

त्यामुळे आरआर तपासण्याआधी वायरी तपासा, आणि नुसत्या डोळ्यांनी नाही. गाडी चालू, हेडलाइट लावलेला, ४,००० आरपीएम. मीटरची एक पिन आरआरच्या लाल वायरीवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. तसंच आरआरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह. माझ्याकडे अर्थच्या बाजूला ०.९ व्होल्ट निघाले. आरआरची अर्थ वायर फ्रेमच्या एका गंजलेल्या बोल्टला होती. म्हणजे आरआर स्वतःपाशी १४.४ मोजत होतं, बॅटरीला मात्र साडेतेराच पोचत होते. बॅटरी कायम उपाशी, आणि मी तिला शिव्या देत होतो.

याची उलट बाजूही सांगतो, कारण ती कमी लोकांना माहीत असते. काही आरआरना एक बारीक सेन्स वायर असते, चावीतून येणारी. तिच्यावरून आरआर बॅटरीचं व्होल्टेज ओळखतं. चावीच्या आतले पॉइंट झिजले की त्या वायरीवर खरं व्होल्टेज पोचत नाही. समजा बॅटरीवर १४.४ आहेत पण सेन्सवर १३.४ येतात. आरआरला वाटतं बॅटरी भुकेली आहे, ते आणखी ढकलतं आणि बॅटरी १५.४ वर जाते. अशा गाडीत दहा आरआर बदलले तरी ओव्हरचार्जिंग जाणार नाही. चावीचे पॉइंट साफ करा, किंवा चावीवर चालणारा छोटा रिले लावून सेन्सला थेट बॅटरीवरून सप्लाय द्या. या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त इलाज हाच आहे.

कपलरचं मी काय केलं? सरळ कापून टाकला. तिन्ही वायरी चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापल्या, नीट क्रिंप केल्या (धातूच्या नळीत दाबून जोडल्या), वर सोल्डरचा डाग दिला आणि गोंदवाली हीट श्रिंक चढवली. एसीच्या तीन वायरींत उलटसुलट झालं तरी फरक पडत नाही, कुठलीही पिवळी कुठल्याही पिवळीला चालते. पुढे काढघाल करता यावी म्हणून पाणी न शिरणारा, जाड पिनेचा कपलर लावला. आरआरच्या लाल आणि अर्थसाठी ४ चौरस मिलिमीटरची नवी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, आणि लाल वायरीत बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज बसवला. तुमच्या गाडीचा मेन फ्यूज कमी क्षमतेचा असेल तर तेवढाच लावा.

दुसरी चूक: थंड गाडीवर कॉइल तपासली

इतकं सगळं करूनही तिसरं आरआर सहा आठवड्यांत गेलं. तेव्हा खरा वैताग आला.

कॉइल मी आधी तपासली होती. कपलर सोडून तिन्ही पिवळ्या वायरींत दोन-दोन करून ओहम बघितले: ०.५, ०.५, ०.५. बॉडीशी काहीच कनेक्शन नाही. पास. पण या ओहमच्या टेस्टवर फार विसंबू नये. चांगल्या कॉइलचा रोध साधारण ०.२ ते १ ओहम असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तो आकडा वजा करा. तरीही आतले दोन-चार वेढे एकमेकांना शॉर्ट असतील तर साध्या मीटरला ते कळत नाही.

जास्त खरी टेस्ट एसी व्होल्टची. कपलर सुटाच ठेवा, मीटर एसी २०० वर, गाडी चालू. पिवळी १-२, २-३, १-३. पाच हजारांना बऱ्याच तीन-फेज गाड्यांत ५० ते ७० च्या घरात व्होल्ट मिळतात. गाडीगणिक आकडा बदलतो, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी तिन्ही जोड्या सारख्या येणं जास्त महत्त्वाचं. ६२, ६१, ३८ असं आलं तर कॉइल गेली. या वेळी उघड्या पिनांना हात लावू नका, सत्तर व्होल्टचा झटका चांगलाच लागतो.

माझे आकडे थंड गाडीवर सारखे होते. मग मी पाऊण तास गाडी पळवून आणली आणि इंजिन तापलेलं असतानाच, हात भाजत, कपलर सोडून पुन्हा मीटर लावला. एक पिवळी आणि इंजिनची बॉडी: ३४ ओहम. थंड असताना तिथे काहीच नव्हतं. तापल्यावर वायरीवरचं एनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा पातळ थर, उघडं पडत होतं आणि फेज लोखंडी प्लेटला टेकत होता. असा फेज अर्थ झाला की करंटला आरआरच्या डायोडमधून आडवाट मिळते आणि नवंकोरं आरआरही तग धरत नाही. सकाळी तपासलं की सगळं ठणठणीत, म्हणून कुणालाच सापडत नव्हतं. रोग वारंवार येत असेल तर प्रत्येक टेस्ट गरम इंजिनवर पुन्हा करा.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी चांगली कॉइल फेकून देईल. जुन्या आणि लहान गाड्यांत तीन पिवळ्या वायरी नसतात. सिंगल फेज असतो, एक वायर बॅटरी चार्जिंगला, एक दिव्यांना, आणि कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला अर्थ केलेलं असतं. तिथे बॉडीशी कनेक्शन दिसणं हेच बरोबर. तुमची गाडी कुठल्या जातीची हे वायरिंगचा नकाशा बघून ठरवा, मगच निकाल द्या.

आरआर खरंच गेलंय का

मीटर डायोड टेस्टवर, आरआर गाडीपासून सुटं. लाल पिन एका पिवळीवर, काळी पिन आरआरच्या पॉझिटिव्हवर: ०.४ ते ०.७ यायला हवं. पिना उलटवल्या की काहीच नाही. तसंच तिन्ही पिवळ्यांना. मग लाल पिन आरआरच्या अर्थवर, काळी पिवळीवर: पुन्हा ०.४ ते ०.७, उलट काही नाही. कुठेही शून्य आलं, किंवा दोन्हीकडून काहीच आलं नाही, तर ते मेलंय. सगळं पास झालं तर फक्त रेक्टिफायर जिवंत आहे एवढंच कळतं. रेग्युलेटरचा भाग गाडीवर लावल्याशिवाय कळत नाही.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

कॉइलसाठी मी रीवाइंडिंग निवडलं आणि आजही तेच सुचवेन, फक्त काम डोळ्यांदेखत करून घ्या. जुनी वायर कापून फेकण्याआधी एका दाताचे (प्लेटच्या ज्या खांबांवर वायर गुंडाळतात त्यांतल्या एकाचे) वेढे मोजा, कुठल्या दिशेने आहेत ते लिहा, मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एनॅमल खरवडून तांब्याची जाडी मायक्रोमीटरने घ्या. १८ दातांच्या तीन-फेज प्लेटमध्ये नेहमीच्या मांडणीनुसार एका फेजला सहा दात येतात, दर तिसरा दात त्याच फेजचा. वेढे आणि जाडी जशीच्या तशी हवी. "थोडी जाड घालू, जास्त करंट येईल" हे ऐकू नका. जाड वायर घातली की वेढे बसत नाहीत, व्होल्टेज कमी पडतं.

वायर मात्र १८० किंवा २०० अंश वर्गाची उच्च तापमानाची घ्यायची, पंख्याच्या मोटरची नाही. कॉइल गरम इंजिन ऑइलमध्ये भिजत असते. व्हार्निश भट्टीत भाजलेलं हवं, आणि बाहेर येणाऱ्या वायरींना काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण. साधी पीव्हीसी वायर ऑइलमध्ये कडक होऊन तडकते. माझी कॉइल उघडली तेव्हा एका बाजूचे पाच-सहा दात कोळशासारखे काळे होते, बाकीचे मधाच्या रंगाचे, आणि ऑइललाही जळका वास होता. ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी बदलून टाका.

बसवताना झाकणाचं गॅस्केट नवं घ्या, वायरीचं रबर ग्रोमेट जागेवर दाबून सीलंट लावा. मॅग्नेट झाकणाला जोरात खेचून घेतो, बोटं मध्ये येऊ देऊ नका. आणि आतल्या चुंबकांवर एखादा स्क्रू चिकटलेला नाही ना, ते बॅटरीने बघा, म्हणजे टॉर्चने. ज्या गाड्यांत कॉइल मॅग्नेटच्या मागे इंजिनला बसलेली असते तिथे मॅग्नेट काढायला योग्य पुलरच हवा. हातोडीने ठोकलं तर चुंबक सुटतात, तडकतात, आणि मग खर्च दुप्पट.

आरआर जुनं घ्यायला हरकत नाही, वरची डायोड टेस्ट हातोहात करून घेता येते. जुनी कॉइल मात्र मी घेणार नाही. तिचं वय आणि तिने सोसलेली उष्णता मीटरला दिसत नाही, माझ्या ३४ ओहमसारखी ती महिन्याने दगा देईल. दुसऱ्या गाडीचं आरआर लावायचं तर फेज तेवढेच हवेत आणि क्षमता कॉइलपेक्षा कमी नको. ज्या अल्टरनेटरमध्ये कायमचे चुंबक नसून फील्ड कॉइल असते, त्याचं रेग्युलेटर इथे चालतच नाही.

बजेट थोडं ताणता येत असेल तर इथे ताणा. जुन्या शंट जातीच्या आरआरमध्ये थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात. नको असलेला करंट ते कॉइलमध्येच शॉर्ट करून परत फिरवतात, म्हणून कॉइल सतत पूर्ण जोराने राबते. हेडलाइट एलईडी केला की बॅटरीवरचा भार कमी होतो खरा, पण शंट आरआर असेल तर कॉइलला त्याने आराम मिळत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मॉस्फेटवालं (दुसऱ्या जातीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) शंट, उदाहरणार्थ शिंडेनगेनचं एफएच०२०, स्वतः कमी तापतं. सिरीज जातीचं, उदाहरणार्थ त्याच कंपनीचं एसएच७७५, गरज नसेल तेव्हा सर्किट तोडतं, त्यामुळे कॉइलही थंड राहते. ज्यांच्या गाडीत कॉइल वारंवार जळते त्यांनी सिरीजच बघावं. नावाजलेल्या आरआरच्या नकला भरपूर फिरतात, म्हणून मी चालू गाडीवरून काढलेलं अस्सल जुनं घेतलं.

आरआर कुठे बसवलंय तेही बघा. माझं मूळचं साइड कव्हरच्या आत होतं, वाऱ्याची झुळूक नाही, शेजारी गरम इंजिन. आता ते एका अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बाहेर, वाऱ्याच्या वाटेत आहे, फिन्स उभ्या.

पाऊण तास पळवल्यावर, हेडलाइट लावून, ४,००० आरपीएमला: बॅटरीवर १४.२. लाल बाजूचा व्होल्टेज ड्रॉप (वायरीत वाया जाणारे व्होल्ट) ०.०८, अर्थचा ०.०५. एसी तिन्हीकडे ६० ते ६१. पिवळी ते बॉडी, गरम असताना, काही नाही. हे आकडे तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून सीटच्या खाली लावून ठेवलेत, पुढच्या वेळी मीटर लावीन तेव्हा ताडून बघायला. दोन पावसाळे झाले, सेल्फ एका बोटात लागतोय.